मामाच्या उंचीचा रकाना

प्रिय अहो,

गेलेल्या माणसाला पत्र लिहिणाऱ्या बायका मला नेहमीच थोड्या नाटकी वाटत आल्या. आता मीच बसले आहे लिहायला, स्वयंपाकघरातल्या त्या डुगडुगणाऱ्या टेबलावर. त्याचा पाय तुम्ही 'या शुक्रवारी नक्की' बसवणार होतात. कुठल्या शुक्रवारी, तेवढं सांगायचं राहिलं!

गेल्या शनिवारी मैदानावर एक गोष्ट घडली. ती तुम्हाला कळवायलाच हवी, कारण ती तुमच्या वहीची आहे आणि ईशानची आहे. पण ती सांगायची तर आधी दुसरी एक सांगावी लागेल, जी मी तुम्ही असेपर्यंत तुमच्यापासून लपवली. थोडं इकडचं तिकडचं बोलून मग तिच्यावर येते. अवघड गोष्ट एकदम काढायची मला सवय नाही, तुम्हाला माहीतच आहे.

हे वेड आपल्या घरात शिरलं कसं, आठवतं? तुम्ही आठवडाभर फुजैराला, तेलाच्या टाक्यांच्या राज्यात. शुक्रवारी संध्याकाळी शारजाला घरी, सोमवारी पहाटे परत. आमच्या वाट्याला दोन दिवस, आणि त्यातला शनिवार ग्रॅहमनं पळवला. तुमच्या टर्मिनलवरचा हा ऑस्ट्रेलियन साहेब सुट्टीच्या दिवशी दुबईत पोरांना त्याच्या देशाचा फुटबॉल शिकवायचा. मुलाला घेऊन ये, म्हणाला. ईशान तेव्हा आठ वर्षांचा होता आणि सोफ्यावरून उड्या मारून माझा जीव खात होता, म्हणून मीही म्हटलं, जा बाबांनो.

पहिल्या दिवशी मी आले होते. अंड्यासारखा चेंडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब, हातानं मारा, पायानं मारा, दुसऱ्याच्या खांद्यावर चढून झेला. मला तो खेळ वाटलाच नाही, शाळा सुटल्यावरची धांदल वाटली. तुम्ही मात्र डोळे बारीक करून एकेका पोराकडे बघत होतात. तुमच्या आई लग्नाच्या पंगतीत बसल्या बसल्या उपवर मुलं हेरायच्या, अगदी तसं.

पुढच्याच आठवड्यात वही आली. आईंनी सांगलीत अर्ध्या गावाची लग्नं जमवली, तेव्हा स्थळांची असायची तशीच लांबोडकी. त्यात तुमच्या बारीक अक्षरातले रकाने. नाव, वय, पाय डावा की उजवा, पडल्यावर रडतो की उठतो, आणि शेवटी मामाची उंची! मूल मामावर जातं, हा आईंचा सिद्धांत तुम्ही थेट दुबईला आणलात. पोर आज केवढं आहे याला काय अर्थ, म्हणायचात, चार वर्षांनी केवढं होईल ते मामाला विचारा.

त्या जोआनाला तुम्ही पहिल्यांदा विचारलंत तेव्हा मी शेजारीच होते. "मॅडम, युवर ब्रदर, हाऊ टॉल?" बिचारी दोन पावलं मागे सरकली. परक्या माणसाला आपल्या भावाशी काय करायचंय, तिला कळेना. मला मध्ये पडून समजावावं लागलं. पण पुढच्या शनिवारी तिनं भावाचा फोटो आणला, दाराच्या चौकटीत उभा, डोकं वरच्या पट्टीला टेकलेलं. तुम्ही तो किती वेळ निरखत होतात! तिचा लूक तेव्हा एवढासा होता. ग्रॅहम त्याला दुसऱ्या संघात टाकायला निघाला होता आणि तुम्ही सांगितलंत, थांब, हा वाढणार.

वाढला की हो. दोन वर्षांत माडासारखा वाढला. पुढे त्याच्या देशातल्या एका नावाजलेल्या अकादमीनं त्याला बोलावून घेतलं, तेव्हा पेढे वाटले ते त्याच्या आईनं नाही, तुम्ही. त्यासाठी खास बर दुबईला मीना बाजारापर्यंत जाऊन आलात. ऑस्ट्रेलियन पोरं एकेक पेढा हुंगून बघत होती आणि तुम्ही नवऱ्या मुलाच्या बापासारखे मिरवत होतात.

तुमची सगळीच भाकितं काही खरी झाली नाहीत हं. एकाचा मामा सव्वासहा फूट, म्हणून तुम्ही त्याच्यामागे तीन वर्षं घालवलीत, आणि त्यानं एक दिवस गिटार घेतली. त्याचा विषय काढला की तुम्हाला अचानक पाणी प्यावंसं वाटायचं.

मी तुम्हाला लष्करच्या भाकऱ्या भाजणारा म्हणायचे. चेष्टेत म्हणायचे, पण सगळी चेष्टा नव्हती. आठवड्यातले दोन दिवस घरी, आणि त्यातही लोकांची पोरं! एकदा मैदानाच्या पलीकडून जेवणाच्या डब्यासाठी मी "अहो" म्हणून हाक मारली, तर त्या दिवसापासून सगळी मुलं तुम्हाला मिस्टर अहो म्हणू लागली. माझी हाकसुद्धा त्यांनी नेली.

आता सांगते.

ईशान बारा वर्षांचा होता. अबू धाबीच्या सामन्यांसाठी संघ निवडायचा होता आणि त्याला मधली जागा हवी होती, जिथे दोघं समोरासमोर उडी मारून वरचा चेंडू घेतात. महिनाभर तो बाल्कनीत उड्या मारत होता. भिंतीवर त्यानं पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या, त्या अजून आहेत. ग्रॅहमनं मैदानाकडेच्या तंबूत तुमचं मत विचारलं. तुम्ही वहीसुद्धा उघडली नाहीत. "ईशान, नो. हिज मामा इज फाइव्ह फीट फोर. ही विल नॉट ग्रो. टेक अनदर बॉय."

तंबूच्या मागच्या बाजूला ईशान बाटलीत पाणी भरत होता, अहो. त्यानं ऐकलं.

घरी येऊन त्यानं बूट बाल्कनीत ठेवले आणि स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन उभा राहिला. रडला नाही. एवढंच म्हणाला, "ही डिडन्ट इव्हन लुक अ‍ॅट मी, आई. ही लुक्ड अ‍ॅट मामा." आणि मग, डोन्ट टेल हिम. मी शब्द दिला.

तुम्हाला वाटलं पोराला कंटाळा आला. कसा येईल? आणि असं बोललात तरी कसं? बुटकी पोरं उंचांच्या पायातून चेंडू कसा काढून नेतात, हे मला चहाच्या कपबशा मांडून समजावणारे तुम्हीच ना! सगळ्या दुनियेच्या पोरांना चार-चार वर्षं थांबून बघितलंत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

पण माझा अपराध मोठा आहे, म्हणून हे पत्र. मी का नाही सांगितलं? ईशानला शब्द दिला होता, हे खरं. तुम्हाला लागेल अशी भीती होती, हेही खरं. आणि थोडा दुष्टपणाही होता, तोही आज कबूल करते. तुम्ही माझ्या भावाची, दिलीपची उंची काढलीत, भर मैदानात, परक्या माणसासमोर! माझ्या माहेरच्या माणसांना टेप लावलीत. मनात आलं, शोधू देत याला स्वतःचं स्वतः.

तुम्ही शोधलं नाहीत. दर शनिवारी दारात उभे राहून किल्ल्या वाजवत विचारायचात, "येतोस का?" आणि आतून उत्तर यायचं, "नो बाबा, गॉट होमवर्क." साडेपाच वर्षं. तरी डिकीत घडीच्या खुर्च्या कायम दोन असायच्या. एकदा मी म्हटलं, दुसरी काढून ठेवा की, जागा अडते. तुम्ही म्हणालात, असू दे, कधी लागली तर.

आणि एकदा तर तुम्ही सरळ विचारलंत. आपण खालिद लगूनच्या कडेनं चालत होतो. तुम्ही कारंज्याकडे बघत होतात. "सुनीता, त्याच्या बाबतीत माझं काही चुकलं का गं?"

मी म्हटलं, "वयच तसं असतं."

हे माझं वाक्य मला आठ महिने झोपू देत नाहीये. तुम्ही विचारलं होतंत, अहो! दार उघडून उभे होतात आणि मी ते लोटून घेतलं. पुढच्या फेब्रुवारीत मंगळवारी दुपारी फुजैराहून फोन आला आणि सांगायला माणूसच उरलं नाही.

आता शनिवारचं ऐका. नवा मोसम सुरू होतोय. ग्रॅहमचा फोन आला, मिस्टर अहोंची वही आणाल का, नव्या मुलांची निवड आहे. हायवेवर गाडी घालायची माझी छाती होत नाही. ईशानला नुकतंच लायसन्स मिळालंय. तो तयार झाला, पण अटीवर, आय विल वेट इन द कार. पार्किंगमध्ये दोन खुर्च्या, वही आणि पाण्याचा कॅन मला एकटीला झेपेना, तसा पुटपुटत उतरला. उंची पाच फूट पाच. मामापेक्षा एक इंच जास्त, तेवढी तुमची चूक!

मैदानावर काय चाललंय, बघायला हवं होतंत. तुमचा प्रश्न आता सगळ्या आईबापांना पाठ झालाय. नावनोंदणीलाच सांगतात, माय ब्रदर इज सिक्स टू, माय ब्रदर इज सिक्स वन. ग्रॅहमनं वही ईशानच्या हातात दिली, तूच लिही म्हणाला, हे अक्षर आम्हाला वाचता येत नाही. ईशाननं ती सुरुवातीपासून चाळली. तो काय शोधतोय ते मला कळत होतं, कारण माझंही शोधून झालं होतं. त्याचं पान नाहीये. घरच्या मुलाचं स्थळ घरच्या वहीत कोण मांडतं? त्यानं कोरं पान काढलं.

रांगेत एक दहा वर्षांचा मुलगा होता, रेहान. दापोलीकडचे लोक, आपल्याच अल मजाजमध्ये राहतात. त्याचे वडील मला मराठीत हळूच म्हणाले, "ताई, खरं सांगू की वाढवून सांगू? याचा मामू माझ्याहून ठेंगणा. इथे म्हणे वहीत लिहितात." त्यांच्या मागे रेहान बुटाच्या टोकानं माती उकरत उभा होता. मी त्याचं तोंड बघितलं. ते तोंड मी आपल्या स्वयंपाकघरात पाहिलं होतं.

ईशाननंही ऐकलं होतं. तो खुर्चीतून उठला आणि रेहानसमोर उकिडवा बसला. पेन घेतलं आणि त्या शेवटच्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत रेघ मारली. "खलास. दॅट कॉलम इज क्लोज्ड. व्हॉट कॅन यू डू?"

"आय कॅन रन," रेहान म्हणाला. मग जरा थांबून, "अँड आय डोन्ट ड्रॉप इट."

ईशाननं लिहिलं. मला वाटलं इंग्रजीत लिहील. नंतर पाहिलं तर मराठीत, पहिलीतल्या मुलासारख्या मोठ्या, वाकड्या अक्षरात. धावतो. सोडत नाही. ज्याच्याशी दहा वाक्यं बोलले तर एकाचं उत्तर मराठीत मिळतं, त्यानं तुमच्या वहीत तुमच्यासारखं लिहिलं हो!

मग बूट नव्हते तर अनवाणीच मैदानात उतरला. उंच पोरांच्या पायातून चेंडू कसा काढायचा ते रेहानला दाखवत होता. इतकी वर्षं चेंडूला हात लावला नव्हता, आणि अंगात सगळं तसंच होतं. ग्रॅहम माझ्याकडे न बघता गॉगल पुसत राहिला.

परत येताना गाडीत त्यानं विचारलं, मी ऐकलं होतं ते बाबांना माहीत होतं का. मी नाही म्हटलं. लगूनवर तुम्ही काय विचारलंत आणि मी काय सांगितलं, तेही सगळं सांगितलं. अल नहदाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा बोलला.

"यू शुड हॅव टोल्ड हिम, आई. ही वुड हॅव सेड सॉरी." आणि मग, "अँड देन ही वुड हॅव आस्क्ड मामाज शू साइझ."

आम्ही दोघं हसलो. इतकं हसलो की शेजारच्या गाडीतला माणूस बघायला लागला. मग ईशान रडला, मीही रडले, आणि मागचे हॉर्न वाजवायला लागले. तुम्ही गेल्यापासून आम्ही एकत्र रडलो नव्हतो.

तर अहो, मला माफ करा. मी सांगायला हवं होतं. तुम्ही त्याच दिवशी त्याच्यासमोर कान पकडले असतेत, हे मला तेव्हाही माहीत होतं.

आज पुन्हा शनिवार. हे लिहिता लिहिता कुकर झाला, डबा भरला. दिलीपला यातलं काही कळू देणार नाही, नाहीतर तो दाजींशी भांडायला थेट तुमच्याकडे वर येईल. वही चालू राहील. खुर्च्या दोन्ही जातील. आत्ताच ईशान बाहेर जाऊन दारात उभा राहिलाय आणि किल्ल्या वाजवतोय, हुबेहूब तुमच्यासारख्या. हाकही मारली, चक्क मराठीत. "आई, येतेस का?"

या दारातून हा प्रश्न कुणीही विचारला, तर माझ्याकडून 'होमवर्क आहे' असं उत्तर जाणार नाही, हा शब्द तुम्हाला. आणि हा मोडणार नाही.

निघते. तो थांबलाय.

तुमचीच,
पाच फूट चार इंचांच्या घराण्यातली,
सुनीता