डाव्या मनगटातून

आत्याबाई,

मी सेवाग्रामच्या दवाखान्यात चालली. गाठीपायी गर्भाची पिशवी काढाचं तुम्ही अन् तुमच्या लेकानं ठरवलं, पण मी ते नाई करत. तिथल्या डॉक्टर म्याडम मनगटातून बारीक नळी घालतात, नसेतून पार गाठीपर्यंत नेतात अन् तिचं रक्तच बंद करतात. पोट फाडाचं काम नाई. मी जागीच राहीन, नळी कुठून कुठं जाते ते टीव्हीवर पाहीन.

डाव्या हातातल्या बांगड्या देवापाशी ठेवल्या. साबण लावून काढल्या, एकही फुटली नाई, घाबरू नका. वरण शिजलं आहे, फोडणी तेवढी द्या.

एक विचारू? तुमची पिशवी काढली, तवा आत काय होतं ते कोणी तुम्हाले दाखवलं होतं का?

माधवी