जाहिरातीपुरता वेळ

९ नोव्हेंबर, रविवार
काय झालं ते आधी क्रमाने.
१. बाबांनी गेल्या महिन्यात आलेला नवा टीव्ही लावला.
२. नाटकाआधी पडदाभर गाडीची जाहिरात.
३. नाटकातली बाई रडायला लागली आणि मध्येच जाहिरातीतला अंगठीवाला बुवा — राशीप्रमाणे खडा!
४. बाबा त्याला म्हणाले, "हे बौद्धाचं घर हाये भाऊ. पुढच्या घरी जाय."
५. मी हसले नाही. टीव्ही मी आणलाय.

आई गेल्यापासून बाबा इथे कुरखेड्याकडे एकटे. झाडीपट्टीची नाटकं घरबसल्या पाहतील, एवढाच विचार होता. आता टीव्ही सुरू करताच पहिल्या पानाची अर्धी जागा विक्रीची. टीव्ही आपण विकत घ्यायचा आणि घरातली भिंत त्यांना फुकट द्यायची!

१० नोव्हेंबर
सकाळच्या एसटीने चंद्रपूर. दिवसभर प्लान्टमध्ये प्रेशर गेज तपासले. संध्याकाळी बाबांचा फोन. "पोहोचली का? जेवली का? बरं, ठेवतो." रोज असंच. बोलणं सुरू होतं न होतं तोच बंद. मीही फारशी बोलत नाही म्हणा.

१३ नोव्हेंबर
जुना डबा टीव्ही सारखा आठवतोय.
अंगणात बांबूवर अँटेना. बाबा बांबू फिरवायचे, आई दारातून ओरडायची — "आलं! आलं! गेलं! काऊन हलवला जी?" रविवारी अर्धा मोहल्ला बसायला आपापली बोरी घेऊन आमच्या पडवीत. शेजारची धुरपताबाई चारोळ्या फोडत बसायची. दोन दाणे मला, एक तिला.

जाहिराती तेव्हाही होत्या. भरपूर! पण त्यांच्यावर चिडलेलं कोणी आठवत नाही. जाहिरात लागली की आई भात पाहायला उठायची आणि बाबा तिच्यामागे चुलीपाशी. पिक्चर चालू असताना ते एक शब्द बोलायचे नाहीत, कोणाला बोलूही द्यायचे नाहीत. "चूप राहा बे!" मग चुलीपासून दोघांचं हसू ऐकू यायचं. काय बोलायचे कोण जाणे. पिक्चर सुरू झाला की बाबा परत जागेवर, तोंड बंद.

तो टीव्ही भंगारात गेला तेव्हा मी हॉस्टेलला होते. बांबू अजून गोठ्यामागे आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार
परत बाबांकडे. काम झालं. टीव्हीने आपली माहिती जाहिरातवाल्यांना द्यायची परवानगी बंद. नेटच्या डब्याच्या सेटिंगमध्ये बदल केला — पहिल्या पानावरचे विक्रीचे चौकोन कोरे! नाटकांच्या ॲपला माझ्या कार्डावरून बिनजाहिरातीचा प्लॅन. एक अख्खं नाटक लावून तपासलं. कुठेही अडथळा नाही.

धुरपताबाई बघायला आली. "बुवा कुठी गेला वं?"
"हाकलला."
"अरेरे! त्याच्यासाठीच त मी येत होती."
बाबा एवढंच म्हणाले, "पोरगी हुशार हाये."

स्मार्ट टीव्ही घ्यावा का, असं प्लान्टमधली रंजीता विचारत होती. घ्यावा. पण आधी असा धुऊन घ्यावा.

२० नोव्हेंबर
बाबांचा फोन नाही. कालही नव्हता. धानाची मळणी चालू असेल.

२३ नोव्हेंबर
आजही नाही. शेवटी मीच लावला. "नाटक चालू हाये माय, मंग बोलतो." मागे हसण्याचा, पेटीचा आवाज.
मग आला नाही.

२५ नोव्हेंबर
जेवणाच्या सुट्टीत धुरपताबाईला फोन केला. बाबांची तब्येत बरी आहे ना?
"त्याले काय धाड भरली! मस्त हाये. पर आता खुर्चीतून उठतच नाई ना. पयले बुवा आला रे आला का फोन घेऊन अंगणात ये. मले म्हने, बाई, सरका, पोरीले लावतो. नाटक लागाच्या आत बोला लागते."
"रोज?"
"त मंग! आधी रुखमासंग बोले, मंग तुह्यासंग. आता बुवाच नाई त कधी बोलन?"
रुखमा म्हणजे आई.
दुपारी एकाच गेजचं रीडिंग तीनदा घेतलं. तीनही वेळा विसरले.

२६ नोव्हेंबर, बुधवार
बाबांना पाठवलेला मेसेज, जसाच्या तसा —
"बाबा, शनिवारी येते. जाहिराती परत सुरू करून देऊ का? शुक्रवारपर्यंत फोन करून सांगा."