पेनांगसाठी पोटाची तयारी

२ ऑगस्ट, शनिवार. रात्री.
लग्नाला पंचवीस वर्षं होतात. मेधाने जाहीर केलं की या वेळी पुण्याला जायचं नाही, मलेशियाला जायचं. पेनांगला. आठ दिवस रस्त्यावरच्या गाड्यांवर खायचं, बाकी काही करायचं नाही. मी लगेच हो म्हटलं. मुळात मी भटक्या माणूस. आयटीत आणि सिडनीच्या केलीव्हिल उपनगरात अडकलो, ती गोष्ट वेगळी.

मग अट आली. आधी इथे सिडनीत पाच मलेशियन पदार्थ खाऊन दाखवायचे. नासी लेमाक, लाक्सा, साते, चार क्वे तिआव (यातला चार हा आकडा नाही) आणि चेंडोल. नाहीतर ती सुहासिनीला घेऊन जाणार. सुहासिनी म्हणजे तिची जवळच गिरावीनला राहणारी मैत्रीण. ही बाई कोंबडीचे पायसुद्धा चोखून खाते आणि वर फोटो पाठवते.

अट अपमानास्पद आहे. गेल्या वर्षी व्हिएतनाममध्ये मी दोन-तीनदा दही मागितलं, त्याचा राग अजून आहे. ते दही औषध म्हणून होतं, हे मी तेव्हाच स्पष्ट केलं होतं.

संकल्प: पाचही पदार्थ. जमल्यास एकाच बैठकीत.

४ ऑगस्ट, सोमवार. लंच.
रजा टाकली. मॅनेजर केलीने विचारलं, तिथे काय खाणार. म्हटलं, सगळं. ती इम्प्रेस झाली. लिननचा शर्ट आणि टोपी ऑनलाइन ऑर्डर केली.

९ ऑगस्ट, शनिवार.
पहिली मोहीम. आमच्याकडून पंधरा मिनिटांवर एक मलेशियन हॉटेल आहे. काउंटरवरच्या बाईंना सगळे ऑन्टी म्हणतात, म्हणून मीही म्हटलं. वयाने माझ्याहून लहान असाव्यात. चेहऱ्यावरून आवडलेलं दिसलं नाही.

नासी लेमाक मागवला. नारळाच्या दुधात शिजवलेला भात. आज नेमकी नारळी पौर्णिमा, म्हणजे शुभशकुनच. सोबत तळलेले चिमुकले मासे येतात, ते नको म्हटलं. लाल सांबल चटणी नको, तिच्यात कोळंबी असते. अंडं संध्याकाळनंतर मला चालत नाही. राहिला भात, काकडी आणि शेंगदाणे. खिशात मेतकुटाची पुडी होती (योगायोगाने). ते वरून घातलं. अप्रतिम! मलेशियन लोकांना इतकी वर्षं हे सुचलं कसं नाही?

श्रिया सोबत होती. आमची मुलगी, युनीत दुसऱ्या वर्षाला आहे आणि मराठीत उत्तर द्यायचं तिने सोडलंय. म्हणाली, "डॅड, धिस इज लिटरली राइस."

मेधा म्हणते, हा पदार्थ धरणार नाही. मी धरला. पाचातला एक झाला.

१६ ऑगस्ट, शनिवार.
आज लाक्साचा दिवस होता. वाडगं समोर आलं. आंबट चिंचेचं पाणी, त्यात जाड शेवया, त्यात बांगड्याचा चुरा. वर कोळंबीची काळी पेस्ट. वास हॉटेलात शिरण्याआधीच भेटला होता.

चमचा उचलला आणि एकदम आठवलं. श्रावण चालू आहे.

मेधाने शांतपणे विचारलं की गेल्या श्रावणात हार्डवेअरच्या दुकानाबाहेर उभं राहून मी कसली सॉसेज खात होतो. म्हटलं, ती कम्युनिटीसाठी खाल्ली, चॅरिटीचा स्टॉल होता. मग तिने माझाही लाक्सा संपवला.

मी रोटी चनाय घेतली. पराठ्यासारखी असते आणि सोबत डाळ येते. पाचात नाही, पण माणसाला बेस लागतो. बेस तीन रोट्यांचा झाला.

शेवटी चेंडोल. बर्फ, नारळाचं दूध, काळा गूळ, राजमा आणि पांदान नावाच्या पानांच्या रसातल्या हिरव्या शेवया. शेवया ओल्या अळ्यांसारख्या दिसत होत्या, त्या बाजूला काढल्या. राजमाही काढला, गोडात राजमा पटत नाही. उरलेला चेंडोल उत्तम होता. दोन झाले.

२४ ऑगस्ट, रविवार.
श्रावण काल संपला, हे मेधाने सकाळी चहाच्या आधी सांगितलं.

आज सुहासिनी आली होती, का ते माहीत नाही. साते मागवले. काडीला लावून कोळशावर भाजलेलं चिकन, म्हणजे माझ्या ओळखीतलं. पण गोड निघालं. मांस गोड असू नये, हे माझं तत्त्व आहे. सोबतची शेंगदाण्याची चटणी मात्र छान, ती मी रोटी चनायबरोबर संपवली. साते म्हणजे मुख्यतः चटणीच, असं माझं निरीक्षण. तीन झाले.

सुहासिनीने साते खाल्ले, लाक्सा खाल्ला, माझ्या काड्याही खाल्ल्या. ती आणि मेधा एकाच वाडग्यातून खात होत्या आणि खिदळत होत्या. चाळिशी उलटलेल्या बायकांना हे शोभत नाही. मी हात धुऊन आलो तेव्हा दोघी बोलायच्या थांबल्या. मेधाने फोन उलटा ठेवला.

ॲनिव्हर्सरीचं सरप्राइज ठरतंय. मी काहीच पाहिलं नाही, असं दाखवलं.

२८ ऑगस्ट, गुरुवार.
घरी गणपती. मलेशियन कार्यक्रम तहकूब, हे उघड आहे. लिननचा शर्ट आला. पोटावर जरा तंग आहे, पण तिथल्या उकाड्यात माणूस बारीक होतोच. ऑफिसात सगळ्यांना पेनांगबद्दल सांगून झालं. दोघांनी टिप्स विचारल्या. म्हटलं, ऑथेंटिक खा, भीड बाळगू नका.

७ सप्टेंबर, रविवार.
इथला फादर्स डे. श्रियाने ट्रीट दिली. कुठे, ते लिहायला नकोच.

ती म्हणाली, आज रोटी नाही. चार क्वे तिआव. तांदळाच्या चपट्या नूडल्स, मोठ्या आगीवर काळ्या सॉसमध्ये परतलेल्या, त्यात कोळंबी आणि शिंपल्या. मेधा समोर बसली होती. मी डोळे मिटून घास घेतला.

आता हे खरं लिहितो. चांगलं होतं. धुराचा वास, जरा करपलेलं, जरा गोडसर. दुसरा घास उघड्या डोळ्यांनी घेतला. एक शिंपली गेली, मग आणखी एक. अर्धी प्लेट मी खाल्ली आणि कुठलीही पुडी उघडली नाही. पंचवीस वर्षांत इतका अभिमान फक्त सिटिझनशिपच्या दिवशी वाटला होता.

म्हटलं, बघ मेधा. आता लाक्सा तेवढा राहिला, तो पुढच्या शनिवारी. तिकिटं काढून टाकू.

तिने तिकिटं काढलेली आहेत. तिची आणि सुहासिनीची. दोन आठवड्यांपूर्वी.

मी म्हटलं, पण मी खाल्लं की. तिने मान डोलावली. खरंच कौतुक वाटलं म्हणाली. मग म्हणाली, "तू घास तोंडात घातलास की मी जेवायची थांबते, विलास. तुझा चेहरा बघत बसते. आवडलं का, टाकणार का, आता काय मागणार. तोवर माझं गार होतं. पंचवीस वर्षं गार खातेय. आठ दिवस मला गरम खायचंय."

तिच्या प्लेटकडे बघितलं. आज तिने घासही घेतला नव्हता.

मी नो वरीज म्हटलं. श्रिया फोनमध्ये बघत होती, पण फोन बंद होता.

फार वाईट वाटलं. इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो.

८ सप्टेंबर, सोमवार.
केलीला सांगितलं की पेनांग मीच पुढे ढकललं. सप्टेंबरात तिथे पाऊस असतो. शिवाय पितृपक्ष लागला, प्रवास टाळलेला बरा. रजा तशीच ठेवली, गॅरेज आवरायचंच आहे. माणसाने लवचीक असावं.

२० सप्टेंबर, शनिवार. सकाळी.
दोघींना एअरपोर्टला सोडलं. लिननचा शर्ट घातला होता, इस्त्री केलेला होता म्हणून. सुहासिनी म्हणाली, सूट होतोय. मेधाने कॉलर नीट केली आणि जेवून घे म्हणाली. आत जाताना तिने मागे वळून हात केला. इतकी खूश मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

परत येताना रस्ता रिकामा होता. त्यामुळे विचार करता आला. माझी अडचण पोट नाही, चेहरा आहे. चेहरा म्हणजे निव्वळ स्नायू, आणि स्नायूंची प्रॅक्टिस करता येते. आठ दिवस हातात आहेत. ती परत येईल तेव्हा मी समोर बसून काहीही खाईन आणि तिला काहीच कळणार नाही. बिनघोर जेवेल.

त्याच दिवशी. रात्री.
ऑन्टींकडून लाक्सा पार्सल आणला. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना? श्रिया मैत्रिणीकडे गेली आहे.

बेडरूममध्ये कपाटाच्या आरशासमोर खुर्ची टाकून बसलो. वाडगं मांडीवर. नियम एकच, चेहरा हलू द्यायचा नाही.

पहिला चमचा घेतला. भुवई हलली. थांबलो. दुसरा घेतला. नाक हललं. मग चमचा वाडग्यात ठेवून नीट बघितलं की नेमकं काय काय हलतं. बरंच काही हलतं. मी तसाच बघत बसलो.

लाक्सा गार झाला.