पाऊण मीटरचं वावर

२२ फेब्रुवारी
थर्माकोल आणलं. दोन जाड शीट. स्कूटरवर पायाशी उभं धरून पिंप्राळ्याच्या घरापर्यंत आलो, वाऱ्याने दोनदा आडवं पाडायचं तेवढं बाकी ठेवलं. शोभा दारातच म्हणाली, "गणपतीला अजून अवकाश आहे." म्हटलं, नानासाठी वावर करतोय. नरडाण्याचं आपलं शेत, हुबेहूब, छोटं. तिने आत जाऊन चहा टाकला.

परवा धुळ्याहून वहिनीचा फोन आल्यापासून डोक्यात हेच आहे. काचबिंदू. नानाचा डावा डोळा गेलाच, उजव्यात थोडं उरलंय, ते किती दिवस ते डॉक्टर सांगत नाहीत. उरलंय तोवर माझ्या थोरल्या भावाला त्याचं वावर एकदा दाखवायचं. खरं वावर तर राहिलं नाही. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, व्हायला हवं.

२४ फेब्रु.
ट्रंकेत नकाशा सापडला. मीच काढलेला. उभी हयात मोजणी खात्यात लोकांच्या बांधांवर गेली, घरचं वावर एकदाच मोजलं, तेही कारखान्याला देण्याआधी, आपल्या समाधानासाठी. टेपचं दुसरं टोक नानाने धरलं होतं. मोजून झालं आणि मीच म्हटलं, आज ना उद्या घेणारच आहेत, संमतीवर सही करून मोकळे होऊ. नाना म्हणाला, "तू शिकेल शे. तुले समजस." आणि सही केली.

नऊ वर्षं झाली. तेव्हापासून नाना पिंप्राळ्याच्या घरी आलेला नाही. भांडण नाही, अबोला नाही. फोनवर तब्येत, पाऊस, ठेवू का. संपलं.

प्रमाण : एक मीटरला अर्धा सेंमी. वावर पाऊण मीटर लांब होतं. टेबलावर मावतं.

४ मार्च
कापणं, चिकटवणं, घासणं. घरभर पांढरे कण. शो. झाडू घेऊन मागे मागे. संध्याकाळी पाया तयार झाला. वर सपाटी बघायची लेव्हल ठेवून पाहिली, बुडबुडा बरोब्बर मधोमध. चारही बाजूंनी तेच. रिटायर झालो तरी हात बसलेला आहे. उगाच छाती फुगली.

९ मार्च
माती आणायला नरडाण्याला जाऊन आलो. सकाळची पॅसेंजर. घरात बाजारची काळी माती होती, पण नाही. तिथलीच हवी.

स्टेशनावरून चालत गेलो. भिंत आहे, वर तार आहे, आत पत्र्याची शेड. फटीतून पाहिलं. सगळं सपाट. वावरातला निंब, तो मोठा कडुलिंब, कुठे होता तेही कळेना. मी, ज्याने लोकांचे शंभर वर्षांपूर्वीचे हद्दीचे दगड शोधून दिले! तिथेच उन्हात उभा राहिलो नि रडू आलं.

वॉचमन तिकडचाच. "आबा, आत जावाले परवानगी नही." म्हटलं, आत नको, थोडी माती हवी. माझ्याकडे वरून खाली बघितलं त्याने. "मग आठेनच लई जा, भितना बाहेरनी. कोनी काय म्हनाव नही." जेवणाच्या डब्यात भरून आणली. भिंतीबाहेरची असली तरी मूळ एकच असणार. असं मी स्वतःला सांगतोय.

१३ मार्च
काल माती चाळली. चहाच्या गाळणीने. शो.ने पाहिलं. नवीन गाळणी आणणे.

फेव्हिकॉल, पाणी, माती कालवून थर दिला. सकाळी पाहतो तर भेगा. काळी मातीच ती, सुकली की फाटणारच. तासभर चिडून बसलो. मग लक्षात आलं, चैत्रात वावर असंच दिसायचं. नाना भेगेत काठी घालून खोली बघायचा. निम्म्या भेगा ठेवल्या.

१९ मार्च, पाडवा
निंब केला. तांब्याच्या तारेला पीळ देऊन खोड, भांडी घासायच्या स्पंजचा चुरा करून पाला. हिरव्याच्या तीन छटा. शो.ला विचारलं कुठली बरोबर. म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हा त्या निंबाखाली बसवलं होतं मला. ऊन इतकं की रंग कोण बघतंय." पण मग स्वतःच ब्रश घेतला आणि शेंड्याला कोवळा तांबूस लावला. अगदी तसाच.

विहीर : पाइपचा तुकडा, आतून बारीक खडी. तळाशी आरशाची काच. पाणी दिसतं.

२६ मार्च
कपाशीच्या ओळी लावून झाल्या. बोंडाला खराच कापूस, सुईच्या टोकाने. चारशेपर्यंत मोजली, मग सोडलं. रंग तर असा जमलाय की उठून उठून बघतो. संध्याकाळचं ऊन पडल्यासारखी एका बाजूला पिवळसर झाक दिली आहे.

एक शंका होती म्हणून वहिनीला फोन केला. आखाजीचा झोका बांधायचो ती निंबाची फांदी विहिरीच्या बाजूला होती की बांधाच्या? वहिनी म्हणाली, बांधाच्या. मग म्हणाली, "बापू, इतलं कशाले करतस? त्यास्ले आते काहीच दखात नही. चहाना कप बी चाचपना पडस."

म्हटलं, उजवा?

"तो बी गया समजा. उजेड-अंधार तेवढं कयस. तुम्हले सांगू नको म्हनेत."

२७ मार्च
काही केलं नाही.

२८ मार्च
काही नाही. वावरावर जुनं धोतर झाकून ठेवलंय. पिवळसर झाक दिली म्हणे संध्याकाळची. कुणासाठी?

मला सांगू नको म्हणाला. वहिनीला, पोरांना, डॉक्टरला सांगेल. मला नाही. बरोबर आहे त्याचं. हे लिहितानाही वाईट वाटतंय, लिहू नये.

३० मार्च
शो.ने धोतर काढलं. डोळे मिटले आणि हात फिरवला. निंब आडवा, कपाशीच्या दोन ओळी बोटाला चिकटून आल्या. मी ओरडलो. ती डोळे मिटूनच म्हणाली, "मला नुसतं खरखरीत लागतंय. काय कुठे आहे काही कळत नाही." मग डोळे उघडून, "दाखवायचं नाही ना आता. हातात द्यायचं आहे."

एवढी साधी गोष्ट. माझ्या डोक्यात आली नसती.

८ एप्रिल
नव्याने सगळं. कपाशी उपटली. बांध बोटभर उंच केला. प्रमाणात बसत नाही, बसू दे. निंबाचं खोड आता जाड, मुठीत धरलं तरी हलत नाही. त्याला खरी साल चिकटवली, गल्लीतल्या निंबाची. विहिरीतून आरसा काढला, बोट कापेल. तिथे खोल भोक, अंगठा जाईल इतकं. काठाला गोटे. विहिरीच्या काठाचा एक दगड मोटेच्या दोराने घासून गुळगुळीत झाला होता, त्यावर आम्ही दोघं बसायचो. तो घातला. एकच गुळगुळीत, बाकी खरबरीत.

कपाशीच्या जागी नुसत्या सऱ्या, कंगव्याने ओढलेल्या.

रोज भरदिवसा डोळ्यांवर पंचा बांधून तपासतो. शो. हसते. चुकलो की म्हणते, "भूकरमापक साहेब, हद्द ओलांडलीत."

१८ एप्रिल
धुळ्याला पोचलो. एसटीत वावर मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "आबा, देव बसवायचाय का याच्यावर?" पारोळ्यापर्यंत शेजारची बाई त्यावर पदर धरून बसली होती, धूळ नको म्हणून. कोण कुठली.

नाना बाहेर पलंगावर. मान वर केली, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे. "बापू का?" म्हटलं, हो. "शोभा नही वनी?" म्हटलं, पाय दुखतोय तिचा. "हां."

वावर अजून धोतरातच. उद्या देतो. धीर झाला नाही.

१९ एप्रिल, आखाजी
आजचं आजच लिहितो.

सकाळी पितरांची घागर भरली. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. नानाने नावं घेतली, आबा, आई, आजा, पणजा, एकही चुकला नाही. वावर होतं तेव्हा त्या घागरीचं पाणी तो निंबाखाली नेऊन ओतायचा. आता तुळशीला घालतो, वहिनी म्हणाली.

पुरणपोळी-आमरस झाल्यावर त्याच्यापुढे वावर ठेवलं. सांगितलं काही नाही, नुसता हात धरून बांधावर ठेवला.

बोटं बांधाबांधाने चालली. कोपऱ्यावर थांबली. मग निंब. खोड मुठीत धरलं. "निंब शे हाऊ," म्हणाला. मग विहीर. अंगठा आत गेला. काठाचे गोटे एक एक करत गुळगुळीत दगडावर आला नि तिथे बोट किती तरी वेळ फिरत राहिलं. वहिनी डोळे पुसत होती. मी पण.

मग तळहात सबंध वावरावर पसरला. इकडून तिकडे. परत. कपाळाला आठी पडली. "घागर आन," वहिनीला म्हणाला. घागरीत थोडं पाणी ठेवलेलं होतं. तळहातावर चुळकाभर घेऊन त्याने विहिरीपाशी सोडलं. हात सऱ्यांवर ठेवून वाट बघत बसला.

पाणी मध्यावर आलं आणि थांबलं. तळं झालं.

"आठेच थांबनं?"

म्हटलं, हो.

"आपला वावरम्हा पानी थांबे नही, बापू. हीरपाशीन सोडं का सरय नालापावत पये." बोट उगवतीकडच्या बांधावर नेलं. "उगवतीकडे उतार शे. तुले कसं माहीत नही?" मग आपणच, "हां. तू शायम्हा व्हता."

बस, एवढंच. टोमणा नव्हता. टोमणा असता तर सोसला असता. आबा, आमचे वडील, गेले तेव्हा मी चौथीत. नाना आठवीतून शाळा सोडून निघाला आणि विहिरीवर गेला. मी एकदाही पाणी भरलं नाही त्या वावराला. बांधाची वीत न् वीत मला तोंडपाठ, आणि पाणी विहिरीपासून पार नाल्यापर्यंत सरळ पळतं ते माहीत नाही. नकाशात उतार नसतो. लेव्हल ठेवून खूश झालो होतो मी.

नाना मात्र कामाला लागला. दुसरा चुळका सोडला. माती मऊ झाली तशी अंगठ्याने दाबत दाबत पाट ओढू लागला. रंग सगळा बोटांना. सऱ्या गेल्या. वहिनी, "अहो, बापूनी इतली मेहनत..." मी तिला खुणेने गप्प केलं.

२० एप्रिल
परत. एसटीत मांडी रिकामी. वावर त्याने ठेवून घेतलं, म्हणजे मी विचारलं नाही, त्याने दिलं नाही. निघताना पाया पडलो तर पाठीवर हात ठेवला, ओल्या मातीचा. शर्ट शो.ने धुवायला टाकला, मी परत काढून घेतला. वेडेपणा आहे.

सहीचं विचारायला गेलो होतो. विचारलंच नाही.

२ मे
वहिनीचा फोन. तक्रारीचा सूर, पण आवाज बरा होता. नाना रोज सकाळी वावर गॅलरीत घेऊन बसतो. एक तांब्या पाणी सोडतो, माती इकडची तिकडे करतो. निंब दोनदा उपटून परत रोवला. थर्माकोलचा कोपरा सुरीने तासून घेतला, तिच्याच भाजीच्या सुरीने. गॅलरीभर चिखल. "पोरं बी इतलं घान करतस नही," म्हणाली.

मग म्हणाली, उजेड-अंधारही आता कळत नाही. परवापासून.

तेवढ्यात नानाने फोन घेतला. नऊ वर्षांत पहिल्यांदा आपणहून.

"बापू, माती कमी पडी राहिनी. तठलीच लई ये."

म्हटलं, आणतो. आणि तोंडातून निघूनच गेलं. "नाना, त्या सहीचं अजून मनात आहे का तुझ्या?"

फोनवर पाणी पडल्याचा आवाज. तांब्या खाली ठेवल्याचा.

"घाई करू नको," म्हणाला. "पानी आजून नालापावत गयं नही."

फोन ठेवला.

उद्या सकाळच्या पॅसेंजरने नरडाण्याला जातो. या वेळी डबा मोठा घेतलाय.