पाय की हात

रविवार, १६ मार्च
नव्या पास्टर कोल्टनने चर्चच्या सभेत जाहीर केलं: यंदा पवित्र गुरुवारी, प्रभूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत होणाऱ्या प्रीतिभोजनात एकमेकांचे पाय न धुता हात धुवायचे. म्हाताऱ्यांचे गुडघे दुखतात, नवीन लोक लाजतात. मी उभी राहिले. म्हटलं, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. सोय बघितली नाही. ड्वाइटने टाळी वाजवली, नवरा म्हणून. मग थांबला.
संकल्प: मूळ शुभवर्तमानापासून तसूभर हलायचं नाही. या गावात कुणीतरी ते सांभाळायला हवंच.

मंगळवार, १८ मार्च
आमच्या चर्चचे डीकन मर्ल वार्षिक भेटीला आले. प्रीतिभोजनाआधी घरोघर विचारायचे तेच जुने प्रश्न. श्रद्धेत कायम आहेस का? यावर मी बराच वेळ बोलले. सगळ्यांशी समेट आहे का? यावर मी ॲपल पाय वाढला. त्यांनी खाल्ला आणि पुन्हा विचारलं, आर्डिथशी?
माझ्याकडून काहीच नाही, म्हटलं. आईच्या अंत्यविधीच्या जेवणात मी आर्डिथला, माझ्या धाकट्या बहिणीला, एकच वाक्य बोलले होते, की आई माझ्याकडे असती तर अजून जगली असती. तिने आईचं सहा वर्षं केलं, हे मला मान्यच आहे. बोलणं तिने टाकलंय.

शनिवार, २९ मार्च
विजय. फोन करून करून सगळ्यांना वळवलं. ग्लेनाबाई म्हणाल्या, माझा हात माझ्याच पायाला पोचत नाही गं, दुसरीच्या काय पोचणार; पण तू म्हणतेस तर. कोल्टनने मान्य केलं. लगे हाथ मी रांगही जुन्या रीतीने मागून घेतली: बायका एका बाजूला, वयाप्रमाणे, प्रत्येकीने शेजारच्या धाकटीचे पाय धुवायचे.
जेवताना ड्वाइट म्हणाला, "म्हणजे तुझ्या शेजारी आर्डिथ."
मला माहीत होतंच.

शुक्रवार, ११ एप्रिल
आर्डिथने घर विकलं. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी मुलाकडे ॲरिझोनाला चालली, कायमची. मला ड्वाइटकडून कळलं. त्याला हार्डवेअरच्या दुकानात.
वाईट वगैरे काही वाटलं नाही. भांडी घासली.
संडे स्कूलला मी दरवर्षी शिकवते की भावाच्या मनात काही असेल तर वेदीपुढे अर्पण ठेवून आधी त्याच्याकडे जा. आज पुन्हा काढून वाचलं. भावाविषयीच आहे.
तरी सोमवारी फोन करणार.

सोमवार, १४ एप्रिल
सोमवारी तिचं कपडे धुणं असतं. मध्येच कशाला.

बुधवार, १६ एप्रिल
टाचा घासल्या, नखं कापली, क्रीम लावलं. सगळेच घरून पाय धुऊन येतात. ड्वाइट म्हणे, "धुवायला नेतेस की दाखवायला?"
उद्या तिथेच बोलणार. टॉवेल हातात असला की शब्द आपोआप सुचतील.

गुरुवार, १७ एप्रिल
चर्चच्या स्वयंपाकघरात पाणी तापवायला कुणी नव्हतं. म्हणजे जॅनिस होती, पण तिला अंदाज नाही. मी थांबले.
रांग आमच्यापर्यंत आल्यावर जॅनिस दारात आली. "वर्डा, तुझी पाळी. आर्डिथ मोजे काढून बसलीय."
म्हटलं, पाणी अजून गार आहे.
तिने बोट घालून बघितलं. झटकन बाहेर काढलं आणि गेली.
बाहेर गाणं चालू होतं. कडवी संपली की पुन्हा पहिल्यापासून. मी पातेल्याकडे बघत होते.

शनिवार, १९ एप्रिल
जॅनिसकडून कळलं. आर्डिथ तशीच अनवाणी बसून राहिली. शेवटी कोल्टन पुरुषांच्या बाजूने उठून आला, टॉवेल बांधला आणि तिचे पाय धुतले. पुरुषाने, बाईचे. आमच्यात हे कधीच झालेलं नाही. मर्लना लगेच फोन केला. म्हटलं, मूळ रीत अशी राहायची का?
त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "वर्डा," ते म्हणाले, "ती जागा कुणाची होती?"
पुढच्या सभेत विषय काढणार आहे.

सोमवार, २१ एप्रिल
ड्वाइट सकाळी आर्डिथचे खोके गाडीत चढवायला गेला. मी खिडकीशी बटाटे सोलत होते. तिची गाडी जाताना आमच्या घरासमोर थांबली.
कोपऱ्यावर स्टॉपची पाटी आहे. तिथे सगळ्यांनाच थांबावं लागतं.