सांडशीवर चाललेली सायकल

तीर्थरूप दादांना,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, पोटऱ्या सुजल्यामुळे प्रत्यक्षात वाकता येत नाही, कारण पुढे येईलच). तुमच्या दाढेचं काय झालं? वहिनींचा खोकला? इकडे तुमची बहीण ठणठणीत आहे, आणि तिच्याकडे बघत बसणारा माणूस जेवढा ठीक असू शकतो तेवढा मीही आहे.

तुमची ती विजेवरची स्कूटर, जी तुम्ही ‘भंगारात टाका’ म्हणून आमच्या अंगणात आणून सोडलीत, ती मी टाकली नाही. दवाखान्याचा चढ तुम्ही पाहिलाच आहे. हिचे गुडघे बघून डॉक्टर म्हणाले, एक तर सायकल सोडा नाहीतर नोकरी. (डॉक्टर हिच्याच दवाखान्यातले. सगळी औषधं हीच हाताळते, त्यामुळे नोकरीचं त्यांनी फार हळू आवाजात सांगितलं.) हिने दोन्ही सोडलं नाही आणि चढावर सायकल ढकलत न्यायला लागली. संध्याकाळी गुडघे शेकतानाचा तिचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी स्कूटर उघडली.

मोटर कॅरियरखाली बसवली, बॅटरी पिठाच्या रिकाम्या डब्यात, आणि मोटरवरून एक चेन मागच्या चाकाला. मूठ आणि चावी तुमच्याच स्कूटरची. पहिल्यांदा लाल-काळी वायर उलटी जोडली गेली. मूठ पिळल्याबरोबर सायकल मागे धावली, पेडलं उलटी फिरून माझ्या पोटऱ्या बडवायला लागली आणि मी शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीत शिरलो. (चादर धुऊन दिली. तरी मी अंगणात आलो की काकू अजून कपडे आत घेतात.) वायर सरळ केल्या तर चोर आल्यावर वाजणारा स्कूटरचा भोंगा जागा झाला. सायकलला नुसता हात लावला तरी तो बोंबलायचा. शेवटी त्याचा गळा कापला.

पण खरी गोम पुढेच आहे. चेन ताणलेली राहायला मोटर मागून पक्की धरावी लागते. त्यासाठी लोखंडी पट्टी हवी, आणि वेल्डर नेमका गावाला गेलेला. ‘झाली का? झाली का?’ करून हिने माझा जीव खाल्ला. मी इकडेतिकडे पाहिलं आणि हाताला स्वयंपाकघरातली सांडशी लागली. मोटरचा कान तिच्या जबड्यात दिला, दांडे तारेनं सायकलला आवळले, वरून काळं रबर गुंडाळलं. तात्पुरतं म्हणून हो! पण हिने विचारलं तेव्हा ‘खास पट्टी आहे, सायकल मोडेल पण ही हलायची नाही,’ असं छाती फुगवून सांगून बसलो.

ही बसली आणि एका दमात चढ चढली. तेव्हापासून हसत घरी येते. शेकायची पिशवी खुंटीला लटकते आहे. आता कुठल्या तोंडानं सांगू? सांगितलं तर पुन्हा ढकलत जाईल. वेल्डर परत आलाय, पण सायकल घरी असली की ही तिला पुसत बसते, मला जवळ फिरकू देत नाही. सांडशी सुटली तर चेन चाकात अडकेल. चाक जागच्या जागी थांबेल, तुमची बहीण थांबणार नाही. रोज ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी दारात उभा असतो, आणि मग फोन वाजला की आधी देवाचं नाव घेतो, मग उचलतो. दादा, मला फार भीती वाटते हो.

असो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
मेहुणा

ता. क. हे पत्र तुमच्या हातात देणारी तीच आहे, आणि बसनं जा म्हटलं तरी न ऐकता आली आहे त्याच सायकलवरून, मोठ्या उतारानं! फोन केला असता, पण तुमचा फोन वहिनी उचलतात आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही. कृपा करून तिला गोडीगोडीनं चहाला बसवा, चावी काढून घ्या आणि हरवा. मी पाना घेऊन पुढच्या बसनं निघालोच आहे.

आणखी एक. सांडशीचा विषय निघाला तर तुम्हाला काही माहीत नाही.

(खाली पेन्सिलीनं)

दादा, पाकिटाचा डिंक ओलाच होता. उताराच्या अलीकडे सावलीत थांबून वाचलं. सांडशी मला केव्हाच दिसली होती. पातेली फडक्यानं उतरवणारी मी, मी शोधणार नाही का? वेल्डर दवाखान्याच्या वाटेवरच आहे. तो आल्या आल्या त्याच्याकडून पक्की पट्टी बसवून घेतली आणि वर तेच रबर गुंडाळलं. यांना बोलले नाही. स्वतःच्या हातानं काही केल्याचा एवढा आनंद झाला होता त्यांना, की सांडशी घरी न नेता पिशवीत घेऊन फिरते आहे.

रोज दारात उभे राहतात ते कौतुकानं, असं मला वाटत होतं रे.

तर आता एवढं कर. हे आले की आधी पाणी दे. मग पट्टी तूच आत्ता बसवलीस असं सांग आणि सांडशी गुपचूप त्यांच्या हातात ठेव. घरी नेऊन ते ती ओट्यामागे टाकतील आणि मला एकदाची सापडेल. बोटं पोळली आहेत माझी.