ओर्रीच्या दोरावर

हिमनदीवरचा तळ, पूर्व ग्रीनलँड
८ मे

प्रिय एविंदुर,

तू बरा असशील आणि बोटीचं इंजिन अजून तुला छळत असेल, असं धरून चालते. मी ठीक आहे. पायलट सामान उतरवून झालं की लगेच परत उडणार आहे. त्याच्याच हाती हे पत्र देते आहे, म्हणून अक्षर वाईट आहे. आकुरेरीला पोचल्यावर तो पेटीत टाकेल.

तुला न सांगता आले. सांगितलं असतं तर तू हुसाविकहून थेट विमानतळावर आला असतास, आणि मला तिथे सगळ्यांसमोर बोलायचं नव्हतं. रस्तेखात्याने रजा दिली. हिवाळा सरत आला की बर्फ हटवायच्या गाडीवर माझ्यावाचून कोणाचं अडत नाही. सत्तावन्नाव्या वर्षी हे काय सुचलं, असं बहिणीने विचारलं. तिला म्हटलं, जन्मभर बर्फ रस्त्याच्या कडेला लोटला, एकदा त्याच्यावर चढून बघते. ती हसली. तू हसणार नाहीस.

आम्ही चौघं आहोत. त्रोस्ती नावाचा दातांचा डॉक्टर आहे, आकुरेरीचाच. अखंड बोलतो. लोने ही डेन्मार्कची, इस्पितळात नर्स आहे. त्रोस्ती तिला म्हणाला, "तुमच्याकडे डोंगर म्हणजे दुसऱ्या मजल्याचा जिना ना गं?" ती म्हणाली, "हो, पण आम्ही तो चढताना एवढी बडबड करत नाही." दोघांचं जमेल असं दिसतं. चौथा आमचा गाईड. कमी बोलतो. तंबूंचे खुंटे आम्ही ठोकले, की मागून येऊन प्रत्येक खुंटा पायाने हलवून बघतो.

इथून आठवडाभर वर सरकत जायचं, मग शिखर. त्याला नाव नाही, नकाशावर नुसता उंचीचा आकडा आहे. आपल्याला जी डोंगररांग माहीत आहे ती इथून दिसत नाही. मध्ये दुसरी रांग आडवी येते. मी बघून घेतलं.

तू फोनवर विचारलंस ते मी विसरलेले नाही. जूनमध्ये चौकशी पुन्हा उघडेल तेव्हा तुझ्या बाजूने उभं राहून बोलायचं की नाही, ते परत आल्यावर सांगते. तोवर मला त्याबद्दल काही बोलायचं नाही.

पायलट हाका मारतो आहे. गुडघ्याला लोकर बांधत जा.

पायात कोरडे मोजे असलेली,
स्टेनुन


वरचा तळ
१६ मे

प्रिय एविंदुर,

बाहेर वादळ आहे. परवापासून तंबूच्या बाहेर पडता आलेलं नाही. आलटून पालटून बर्फ उपसायला जातो तेवढंच. वाळवलेला मासा आणि लोणी खातो, त्रोस्तीचं बोलणं ऐकतो. हे पत्र विमान येईपर्यंत माझ्याच खिशात राहणार आहे, त्यामुळे सावकाश लिहिते.

मागच्या पत्रात मी गाईडचं नाव लिहिलं नव्हतं. तो ओर्री आहे. तोच.

आता तू पत्र टेबलावर आपटलं असशील. चक्कर मारून ये आणि मग पुढे वाच.

मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. आपल्या कारीच्या दफनाच्या वेळी तो इस्पितळात होता, आणि नंतर तू त्याला घराच्या आसपास येऊ दिलं नाहीस. वर्तमानपत्रातला फोटो टोपी-चष्म्यातला. कारीला तो ओळखायचा ते तुझ्या नावावरून, एविंदुरचा मुलगा म्हणून. माझ्या नावापुढे तर माझ्या बापाचं नाव, त्यावरून त्याला काय कळणार? कामाचं विचारलं तेव्हा म्हटलं, रस्तेखात्यात आहे. गाडीचं बोलले नाही, कारण कारी माझ्या गाडीबद्दल जगाला सांगत फिरायचा.

त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून नाहीत. कारीला आणायला तो आपल्याला माहीत असलेल्या त्या रांगेवर वादळात परत गेला तेव्हा ती गेली, हे आपण दोघांनी वाचलं होतं. तू म्हणाला होतास, "बोटंच गेली ना." ती अर्धी बोटं आठ दिवस माझ्यासमोर स्टोव्ह पेटवताहेत. इतर बोटं जे करतात ते सगळं करतात, जरा वेळ लागतो एवढंच.

मी का आले, ते तुला सरळ सांगते. चार वर्षं तू एकच वाक्य म्हणत आलास, की तो आपल्या मुलाला सोडून गेला. स्वयंपाकघरात म्हणालास, बोटीवर म्हणालास, मी वेगळी राहायला गेले त्या दिवशी माझ्या पेट्या गाडीत ठेवतानाही म्हणालास. मी कधी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही, कारण मला माहीत नव्हतं. आता जूनच्या चौकशीत त्या माणसाचं गाईडचं काम कायमचं बंद करायला तू मला बोलावतो आहेस. म्हणून म्हटलं, आधी त्याच्या दोरावर चालून बघू.

परवा शिखराकडे निघालो होतो. हवा स्वच्छ, थंडी कोरडी. शेवटच्या धारेवर त्रोस्तीचा पाय दगडात अडकला आणि गुडघा पिळवटला. उभा राहिला, पण रंग उतरला होता. शिखर समोर होतं, इतकं जवळ की वरचा बर्फ वाऱ्याने उडताना दिसत होता. समुद्राच्या बाजूला मात्र करडी भिंत चढायला लागली होती.

मी ओर्रीला म्हटलं, "तू लोनेला घेऊन वर जाऊन ये. मी त्रोस्तीपाशी बसते."

  म्हटलं ते मुद्दाम. तो काय करतो ते बघायचं होतं.

ओर्री म्हणाला, "नाही."

"शिखर समोर आहे. आम्ही आडोशाला बसू."

"नाही म्हटलं ना."

त्रोस्तीही म्हणाला, "अरे जा ना बाबा. माझ्यापायी कशाला तुमचं हुकवता? मी काय इथून पळून जाणार आहे का?"

तेव्हा ओर्री ओरडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "इथे कोणाला बसवून मी कुठेही जात नाही! स्टेनुन, गाठ तपास आणि गप्प राहा."

मी गाठ तपासली. आम्ही खाली वळलो. उतारावर त्याने त्रोस्तीला अर्धा खांद्यावर घेतलं. त्रोस्ती कण्हत म्हणत होता, "दाताच्या डॉक्टरचा गुडघा, कोणी मनावर घेत नाही." लोने पुढे, मी मागे. ओर्री दर थोड्या पावलांनी वळून मागे बघायचा. दोर ताणलेला असला तरी बघायचा. दोरावरून कळतं ना, माणूस मागे आहे की नाही. त्याला तेवढं पुरत नव्हतं.

तंबू गाठले आणि वादळ लागलं. वर गेलो असतो तर धारेवर सापडलो असतो.

मघाशी चहा घेताना ओर्री मला म्हणाला, "ओरडलो त्याबद्दल माफ कर." मी म्हटलं, चालतं. मग लोनेने विचारलं. नर्सच ती, जिथे दुखतं तिथे बोट ठेवायची सवय. "कोणाला तरी मागे ठेवावं लागलं होतं का तुला?"

त्याने कप खाली ठेवला. मग त्याने सांगितलं. मी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसले होते. त्याला ठाऊक नव्हतं कोण ऐकतं आहे, म्हणून मी ते जसंच्या तसं लिहिते.

म्हणाला, "माझा जोडीदार होता, कारी. माझ्याहून लहान, पण डोकं थंड. मांडीचं हाड मोडलं. बरोबर आम्ही चढायला नेलेले दोन पाहुणे, दोघंही गारठून बोलायचे बंद झालेले. मी म्हटलं, सगळे इथेच थांबू, एकमेकांना चिकटून. तो म्हणाला, मग उद्या चार प्रेतं उचलावी लागतील, हिशेब कर. मी ऐकेना. तर म्हणाला, तू गेला नाहीस तर मी त्यांना घेऊन सरपटत निघतो. आणि निघाला असता. मी त्याला बर्फ कोरून छोटी खोली करून दिली, माझी झोपायची पिशवी दिली, स्टोव्ह दिला. मी रडत होतो. तो म्हणाला, जा रे, एक झोप तरी तुझ्या घोरण्यावाचून मिळेल."

मला हसू आलं, एविंदुर. मोठ्याने. तिघं माझ्याकडे बघायला लागले. त्रोस्ती म्हणाला, "काय बाई आहे ही." मी म्हटलं, चहा घशात गेला.

तू बोटीवरून घरी आलास की तो तुझ्या घोरण्यावरून असंच चिडवायचा. तू परत निघालास की दारातून ओरडायचा, जा, आता झोप मिळेल. हे दुसरं कोणी बनवून सांगू शकत नाही. बर्फाच्या त्या खोलीत तोच बोलत होता. आपलाच.

ओर्री पुढे म्हणाला, "मी परत पोचलो तेव्हा त्याने आतून दार नीट बुजवलेलं होतं. सगळं नीट केलं होतं त्याने. मीही त्याला नीट सोडलं होतं. पण सोडलंच होतं."

मग तो बर्फ उपसायला बाहेर गेला. पाळी त्याची नव्हती, माझी होती.

आता मी जाते, त्याला आत पाठवते.

स्टेनुन


आकुरेरी
२३ मे

प्रिय एविंदुर,

घरी आले. अंघोळ झाली, पोहण्याच्या तलावावरच्या गरम कुंडात दोनदा बसून आले. नाकाचं कातडं सोललं आहे, बाकी धडधाकट. त्रोस्तीच्या गुडघ्याला पट्टा बसवला आहे. लोने कोपनहेगनला गेली. शिखर झालं नाही. वादळ थांबलं तेव्हा अन्न संपत आलं होतं आणि त्रोस्तीला चालवतच आणायचं होतं. कोणाला फार वाईट वाटल्याचं दिसलं नाही.

वरच्या तळावर लिहिलेलं पत्र याच पाकिटात घातलं आहे. आधी ते वाच.

हवा उघडली त्या सकाळी मी आणि ओर्री तंबू उकरून काढत होतो. बाकीचे दोघं झोपलेले होते. मी फावडं मारत होते, तो माझ्याकडे बघत थांबला. म्हणाला, "हे काम तू आधी केलंयस."

मी म्हटलं, "हो. मी बर्फ हटवायची गाडी चालवते. मी कारीची आई."

त्याने फावडं बर्फात रोवलं आणि त्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. मी उकरत राहिले, कारण थांबले असते तर काय करायचं ते मला सुचलं नसतं.

मग म्हणाला, "तुम्हाला मीच नेणार आहे, हे ठाऊक होतं तुला?"

"पहिल्यापासून."

"मग माझ्या दोराला का बांधून घेतलंस?"

"तू चालतोस कसा ते बघायला."

"आणि?"

"मागे वळून बघतोस. फार वेळा बघतोस."

तो खाली बर्फात बसला. माणूस बसतो तसा नाही, पाठीवरून उतरवलेलं पोतं बसतं तसा. मी त्याच्या शेजारी बसले नाही. त्याच्या पाठीवर हातही ठेवला नाही. स्टोव्ह पेटवला आणि पाणी ठेवलं. पाणी उकळेपर्यंत तो तसाच होता. कप हातात दिला तेव्हा प्यायला.

मला मोकळं वगैरे वाटलेलं नाही. कारी नाही, आणि त्याचं नसणं होतं तेवढंच आहे. ओर्रीला मी माफ केलं असंही नाही. माफ करायला आधी गुन्हा लागतो, आणि तो मला सापडला नाही. आठ-दहा दिवस मी तोच शोधत होते, खुंट्यांत, गाठींत, त्याच्या बोलण्यात. मनापासून शोधला. तुझ्यासाठी तरी सापडावा असं वाटत होतं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर. जूनमध्ये मी येईन, तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसेन. मला विचारलं तर पाहिलं ते सांगेन. ते तुझ्या कामाचं नसेल, हे तुला आधी कळवते आहे. त्यानंतर तुला माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर मी समजून घेईन. राग गेला तर तुझ्यापाशी काय उरेल, ही भीती मला माहीत आहे. त्या रागाबरोबर मीही एका घरात राहिले आहे.

आता शेवटचं, ज्यासाठी हे पाकीट उद्याच्या टपालाची वाट न बघता तुझ्या शेजारणीच्या हाती पाठवते आहे.

परतीच्या विमानात ओर्री माझ्या बाजूला बसला होता. इंजिनाच्या आवाजात कानाशी येऊन म्हणाला, "त्याने मला एक निरोप दिला होता. वडिलांना सांग म्हणाला. मी फोन करत होतो तो त्यासाठी. मला माझी बाजू मांडायची नव्हती."

इस्पितळातून त्याने केलेले फोन तुला आठवतात. मलाही आठवतात. तू त्याचा आवाज ऐकताच फोन ठेवायचास. नंतर त्याने पत्र पाठवलं, ते तू न उघडता परत केलंस. कागदावर लिहून पाठवायचं त्याला पुन्हा धाडस झालं नाही. म्हणाला, तो तोंडीच सांगायचा निरोप आहे.

काय निरोप आहे ते मी विचारलं नाही. तो सांगायला तयार होता, मीच थांबवलं. तो माझ्यासाठी नाही.

रविवारी दुपारी मी त्याला घेऊन हुसाविकला येते आहे. गाडी मी चालवणार. वाटेत त्याचा धीर सुटला तरी त्याला परत वळता येऊ नये म्हणून. मी अंगणात, गाडीतच बसून राहीन. तो एकटा पायऱ्या चढेल.

दार उघड, एविंदुर.

कारीची आई,
स्टेनुन